माळ्यावरचा कॉम्प्युटर आणि माझे 21,549 रुपये

सांगलीत वखारभागातल्या जुन्या घराचा माळा दिवाळीआधी रिकामा केला, तेव्हा काकांच्या ट्रंकेमागं एक क्रीम रंगाचा डबा सापडला. काका मास्तर होते, वारून बरीच वर्षं झाली. कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकातच, नावाची पट्टी निघालेली, नुसता वाळलेला डिंक. 2005 चा आणि 2019 चा महापूर, दोन्ही वेळी माळ्यावर होता म्हणून वाचला. कंपनी कळेना म्हणून फोटो काढून जुन्या वस्तू विकायच्या ॲपवर टाकला, "कुणी ओळखेल का" असं लिहून. असलं कधी लिहू नका. आपल्याकडं काय आहे हे ज्याला ठाऊक नाही तो म्हणजे या लोकांना ताटात वाढलेलं.

तासाभरात पुण्याच्या 'कलेक्टर'चा फोन, दर वाक्याला सर. झाकण उघडून चिपचे फोटो मागितले, एकीवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर, 6502 लिहिलेलं. "सर, हा ॲपलचा पहिला कॉम्प्युटर, गिऱ्हाईक तयार आहे, साडेआठ लाख." मी अगदीच बावळट नाही हो, रात्री नेटवर बघितलं, 1976 च्या ॲपल वनमध्ये 6502 च होता, आणि तो लिलावात कोटींत जातो हेही खरं. पण हीच चिप कमोडोर कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये आणि ॲपलच्याच पुढच्या मॉडेलातही होती, ते बघायला मी थांबलोच नाही.

आणि जे वाचलं तेही डोक्यात शिरलं नाही. ॲपल वन म्हणजे नुसता बोर्ड यायचा, कीबोर्ड आणि डबा गिऱ्हाईकानं आपला बघायचा. माझ्यासमोर टेबलावर डबा होता, कीबोर्ड होता, वर एफ झिरो ते एफ नाईन लाल बटणांची रांग होती! उलटा केला तर खाली सॉकेटांपाशी छापलेलं, 'ट्यूब', '1 मेगाहर्ट्झ बस'. त्याला विचारलं, ट्यूब म्हणजे काय हो? तो गप्पच झाला. मग म्हणाला, "सर, तो फॅक्टरी कोड असतो." आणि मी "बरं" म्हणालो. बायको मागून म्हणत होती, अहो तो अडखळला बघा, तर मी तिलाच गप्प बस म्हणालो.

पुढचं तुम्हाला माहितीच आहे. तपासणीचं सर्टिफिकेट 2,499, इन्शुरन्स 7,850, मग 'रिफंडेबल' जीएसटी 11,200. नंतर फोन बंद.

लाजेपायी दोन दिवस कुणाला बोललो नाही, तिथं आणखी घाण केली, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला फोन लावायचा असतो. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब हसले, "जुन्या डब्याला साडेआठ लाख? तुम्हाला तरी कसं वाटलं?" अहो मी गुन्हा सांगायला आलोय का माझी अक्कल मोजून घ्यायला? मग म्हणे सायबरला जा, सायबरवाले म्हणे बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासकट आणा, बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकलाय, आता आम्ही काय करणार, आणि शिक्का मारणारा माणूस सोमवारी येणार. सोमवारी आला, तर प्रिंटर बंद. चार हेलपाटे, पेट्रोल वेगळंच, तक्रारीचं स्टेटस अजून 'प्रक्रियेत'. वर परवा एकाचा फोन, पैसे परत मिळवून देतो, फी फक्त 1,999. हे दुसऱ्या फेरीचे चोर, यांनाही ओळखून ठेवा.

शेवटी गल्लीतल्या रिटायर सरांना दाखवला. लाल बटणं बघूनच म्हणाले, "अरे, हा बीबीसी मायक्रो! इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचा. 1984-85 ला सरकारच्या क्लास योजनेत, पोरांना कॉम्प्युटर शिकवायला, शाळांना दिले होते, तुझ्या काकांनी भंगारातनं उचलला असेल." ट्यूब म्हणजे दुसरा प्रोसेसर जोडायची जागा. फुकटात, चहाच्या एका कपावर. मी तिथंच प्लग लावायला गेलो तर सरांनी हात धरला, आत जुना कपॅसिटर असतो, फुटला की घरभर धूर. तो बदलायला आता दुकानदार शोधतोय, कुणी ॲडव्हान्स मागितला की पाठ फिरवतो.