ग्रेट बॅरियर रीफचा विभागनकाशा: एक परीक्षण

ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफ सागरी उद्यानाचा विभागनकाशा कोणालाही विनामूल्य मिळतो, आणि संरक्षित क्षेत्राची विभागणी लोकांपुढे कशी मांडावी याचा याहून चांगला नमुना माझ्या पाहण्यात नाही. उद्यानाचे क्षेत्र सुमारे 3,44,400 चौरस किलोमीटर आहे. एवढ्या पाण्याला कुंपण घालता येत नाही. त्यामुळे होडीतल्या माणसाला, आपण आहोत तेथे काय चालते आणि काय नाही, हे या रंगीत कागदावरून चटकन कळते का, याच कसोटीवर तो पारखायला हवा.

बहुतांशी कळते. गुलाबी विभागात लेखी परवानगीशिवाय प्रवेशच नाही. हिरव्या विभागात होडी नेता येते, पोहता येते, बुडी मारून प्रवाळ न्याहाळता येतात, मात्र मासा काढता येत नाही. पिवळ्या विभागात गळ टाकून मासे धरायचे तर माणशी एकच दोरी आणि तिला एकच गळ. ट्रॉल जाळे, म्हणजे होडीमागे समुद्रतळावरून ओढायचे मोठे जाळे, वापरण्याची मुभा केवळ फिक्या निळ्या विभागात आहे. सोबतच्या कोष्टकात एका बाजूला कामे व दुसऱ्या बाजूला विभाग मांडले आहेत, आणि हे कोष्टक मला प्रत्यक्ष नकाशाइतकेच मोलाचे वाटते, कारण कायद्याची भाषा न वाचता माणूस त्यातून आपले उत्तर काढू शकतो.

विभागांच्या सीमा बहुतेक ठिकाणी सरळ रेषांत आखून त्यांचे अक्षांश-रेखांश दिलेले आहेत. प्रवाळभित्तिकेचा, म्हणजे प्रवाळांनी रचलेल्या खडकाचा, काठ वेडावाकडा असतो, त्यामुळे निसर्गाच्या दृष्टीने या रेषा कृत्रिम दिसतात. पण पाण्यावर ‘भित्तिकेच्या काठापासून इतके मीटर’ असा नियम पाळणाराही चुकतो आणि तपासणाराही. उपकरणावर आकडा पाहून ज्याची खात्री करता येते, तोच नियम समुद्रावर टिकतो, म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो.

या रेषांमागचे काम त्याहून मोठे आहे. 1 जुलै 2004 रोजी सध्याची योजना लागू होण्यापूर्वी मासेमारीला पूर्ण बंदी असलेले क्षेत्र 5 टक्क्यांहूनही कमी होते; ते सुमारे 33 टक्क्यांवर गेले. त्यासाठी आधी उद्यानाचे 70 जैवप्रदेश, म्हणजे सारखी जीवसृष्टी व तळ असलेले भाग, ठरवून प्रत्येकाचा किमान 20 टक्के भाग राखण्याचे तत्त्व घालून घेतले गेले. केवळ देखण्या भित्तिका राखून चिखलाचे, गवताचे तळ वाऱ्यावर सोडण्याची चूक त्यामुळे टळली. लोकांकडून 31 हजारांहून अधिक निवेदने आली. पुढे उद्यानातील केपेल बेटांजवळ माशांच्या पिलांचे पितृत्व जनुकीय चाचणीने तपासले, तेव्हा भित्तिकांच्या केवळ 28 टक्के असलेल्या राखीव भागातून परिसरातील जवळजवळ निम्मी पिले आल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. हिरवा रंग मच्छीमाराच्या विरोधात नाही, हे याहून स्पष्टपणे कसे सांगावे?

उणिवाही आहेत. विभागांच्या दोन निळ्या छटा, फिकी आणि गडद, उन्हात, ओल्या कागदावर एकमेकींत मिसळण्याचा धोका आहे, आणि त्यांतील फरक नेमका ट्रॉल जाळ्याचा, म्हणजे सर्वांत गंभीर आहे. ऑलिव्ह हिरवा विभागही असाच: तेथे चालत्या होडीमागे दोरी ओढून खुल्या पाण्यातले मासे धरता येतात, पण शेजारच्या हिरव्यात तेही नाही. रंगांधळ्या वाचकासाठी रेघांचे किंवा ठिपक्यांचे वेगळेपण हवे होते.

नदीतून येणारा गाळ आणि तापलेले पाणी कोणत्याही रेषेपाशी थांबत नाही. 2016 व 2017 मध्ये हिरव्या विभागांतील प्रवाळही पांढरे पडले. तो दोष नकाशाचा नव्हे. मात्र प्रत्येक हिरव्या चौकोनाशेजारी तो कोणत्या जैवप्रदेशासाठी राखला आहे, एवढी एक ओळ छापली, तर येथे गळ का टाकायचा नाही, हे होडीवरच्या मुलालाही कागदावर बोट ठेवून सांगता येईल.