२८ कप्प्यांचा गोळ्यांचा डबा: वृद्धाश्रमासाठी घ्यावा का?

सात पट्ट्या, प्रत्येकीत सकाळ-दुपार-संध्याकाळ-रात्र असे चार कप्पे. कोल्हापुरातल्या वृद्धाश्रमांसाठी हा डबा घ्यायचा विचार असेल, तर बीपी-शुगरच्या गोळ्यांना तो झकास आहे. मनोविकाराच्या गोळ्यांना मात्र अर्धाच कामाचा.

फायदा खरा आहे. रात्रीचा डोस दिला की राहिला, हे पाळी बदलताना झाकण उघडताच कळतं, त्यामुळे दुबार गोळी जात नाही. पण कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात गेली असं नव्हे. डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) आजी गोळी गालात धरून ठेवतात. पाणी पाजून तोंड उघडायला लावायचंच.

आपल्याकडच्या पावसाळ्यात खरी गोची होते. सोडियम व्हॅलप्रोएट हे फिट आणि मूडच्या चढउतारांवरचं औषध हवेतली ओल ओढून घेतं. जुलैत ती गोळी आठवडाभर उघडी ठेवली तर चिकट होऊन मऊ पडते. जिभेवर विरघळणाऱ्या क्लोनाझेपाम (घबराट, फिटवरची), ओलान्झापिनच्या (भास-भ्रमावरची) गोळ्यांचंही तेच. त्या स्ट्रिपमध्येच ठेवा. काहीजण स्ट्रिप कात्रीने कापून एकेक चौकोन कप्प्यात टाकतात. हे अजिबात नको! गोंधळलेला माणूस वेष्टणासकट गिळतो आणि धारदार कोपऱ्याने अन्ननलिका फाटू शकते.

डब्यात गेली की गोळीची ओळखही जाते. क्वेटियापिन (हीसुद्धा भास-भ्रमावरची गोळी) २५ आणि १०० मिलिग्रॅम वेगळे काढायला नाव नाही, ताकद नाही, मुदत नाही. म्हणून डबा भरताना दोघं हवेत: एकाने डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीवरून नाव आणि मिलिग्रॅम मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने स्ट्रिपवर ताडून टाकायचं. स्ट्रिपा महिना संपेपर्यंत फेकू नका. झाकणांवर इंग्रजी अक्षरं असतात. मावशींना वाचता येत नसतील तर सूर्य-चंद्राचे स्टिकर लावा.

लागेल तेव्हाच द्यायची झोपेची किंवा चिडचिडीची गोळी डब्यात कधीच नको. रोजच्या कप्प्यात बसली की ती रोजचीच होते, मग सकाळी तोल जातो, माणूस बाथरूममध्ये पडतो. लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) घेणाऱ्याच्या कप्प्यात गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी परस्पर टाकणं तर जिवाशी खेळ: रक्तात लिथियम वाढतं, हात थरथरतात, जुलाब लागतात, चाल लटपटते.

डब्याचा सगळ्यात मोठा दोष असा की दर रविवारी तो निमूट भरला जातो आणि गोळी अजून हवी का, हे कुणी विचारत नाही. डिमेन्शियात रिस्पेरिडोन, क्वेटियापिनसारख्या गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला. झाकणाच्या आत अशी गोळी सुरू झाल्याची तारीख चिकटवा. चार आठवड्यांत फरक नाही, तर बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. फरक पडला असेल, तरी चार महिन्यांच्या आत डोस कमी करून बघता येतो का ते विचारा. मनाने एकदम बंद करू नका, विशेषतः क्लोनाझेपाम. फिट येऊ शकते.

एसआर, सीआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी) लिहिलेली गोळी कुटून पेजेत कालवू नका, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. गिळता येत नसेल तर डॉक्टरांकडून सिरप लिहून घ्या.

विकत घेताना पट्ट्या सुट्या निघणारा, कोपरे गोल असलेला डबा घ्या. चौकोनी कोपऱ्यात गोळ्यांची भुकटी साचते. धुतल्यावर पंख्याखाली रात्रभर वाळवूनच भरा.