नवा फोन, जुने घड्याळ: तसेच हलवावे की पुसून नव्याने जोडावे?

फोन बदलताना छायाचित्रे, संपर्क आणि संदेश आता बऱ्यापैकी आपोआप नव्या फोनवर येतात, त्यामुळे मनगटावरचे स्मार्टवॉचही आपसूक मागोमाग येईल, असे आपण गृहीत धरतो. तसे सहसा होत नाही. ब्लूटूथने फोन आणि घड्याळ पहिल्यांदा जोडले जातात, तेव्हा दोघेही एक सामाईक गुप्त किल्ली आपापल्या पोटात जपून ठेवतात आणि पुढे त्या किल्लीवरूनच एकमेकांना ओळखतात. नव्या फोनवर तुमचे सगळे काही उतरले, तरी ती किल्ली साधारणपणे उतरत नाही. घड्याळाच्या दृष्टीने नवा फोन परकाच असतो, आणि ते बिचारे कपाटात ठेवलेल्या जुन्या फोनची वाट पाहत राहते.

अशा वेळी दोन मार्ग असतात. पहिल्यात घड्याळावरचे काहीही न पुसता त्याची जोडणी जुन्या फोनवरून नव्यावर नेली जाते; त्याला येथे ‘हलवणे’ म्हणू. दुसऱ्यात घड्याळ रीसेट करून कोरे केले जाते, नव्या फोनशी पहिल्यापासून जोडले जाते आणि बॅकअप असल्यास तो त्यावर उतरवला जातो. कोणता मार्ग घ्यावा, याचे उत्तर घड्याळाच्या किमतीवर किंवा नवेपणावर फारसे अवलंबून नसते. जुना फोन अजून तुमच्या हातात चालू स्थितीत आहे का, आणि तुमच्या नोंदी घड्याळात, फोनमध्ये की एखाद्या खात्यात राहतात, या दोन प्रश्नांवर ते बव्हंशी ठरते. त्यातही पहिला प्रश्न अधिक वजनाचा आहे. म्हणूनच घड्याळ नव्या फोनशी नीट बोलू लागेपर्यंत जुना फोन विकू, बदलून देऊ किंवा पुसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ॲपल वॉच

ॲपल वॉच 2015 मध्ये बाजारात आले तेव्हापासून त्याचे नाते आयफोनशीच आहे. एका आयफोनला अनेक घड्याळे जोडता येतात, मात्र एक घड्याळ एका वेळी एकाच आयफोनचे असते. येथे हलवण्याचा मार्ग सर्वांत सुखाचा आहे. नवा आयफोन जुन्याशेजारी ठेवून सुरू करताना एका टप्प्यावर ‘हे घड्याळ या फोनसोबत वापरायचे का’ असे विचारले जाते. होकार दिल्यावर घड्याळ पासकोड टाकून उघडलेले आणि जवळ असले, की बाकीचे काम यंत्रे आपसांत उरकतात. हा प्रश्न कधीकधी येतच नाही. तेव्हा नव्या फोनवरचे वॉच ॲप उघडून पाहावे, कारण अनेकदा तो तेथे वाट पाहत असतो.

तेथेही तो दिसला नाही, तर घड्याळ अनपेअर करावे, म्हणजे त्याची जुन्या फोनशी असलेली जोडणी तोडावी लागते, आणि नेमक्या या ठिकाणी बहुतेकांची चूक होते. जुन्या आयफोनवरच्या वॉच ॲपमधून अनपेअर केल्यास तीन गोष्टी एकत्र घडतात: घड्याळाचा ताजा बॅकअप त्या आयफोनवर घेतला जातो, घड्याळ पुसले जाते आणि ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे घड्याळ मालकाच्या ॲपल खात्याशी बांधून ठेवणारे कुलूप, निघते. हेच काम घाईने घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन केले, तर घड्याळ पुसले जाते खरे, पण बॅकअप घेतला जात नाही आणि लॉकही तसेच राहते. पुढच्या जोडणीत ॲपल खात्याचा पासवर्ड मागितला जातो. स्वतःचेच घड्याळ असेल तर ते निभावते. घड्याळ दुसऱ्याला देताना असे केले, तर घेणाऱ्याच्या हाती न उघडणारी वस्तू पडते.

क्रमही महत्त्वाचा आहे. घड्याळाचा बॅकअप आयफोनमध्ये राहतो आणि आयफोनच्या बॅकअपमधूनच पुढे जातो. म्हणून आधी घड्याळ अनपेअर करावे आणि मगच आयफोनचा बॅकअप घ्यावा. क्रम उलटा झाला, तर नव्या फोनवर पोहोचणारा घड्याळाचा बॅकअप शिळा असतो. आयफोनचा बॅकअप संगणकावर घेणार असाल, तर तो पासवर्ड लावून सांकेतिक केलेला असल्याशिवाय त्यात आरोग्याच्या नोंदी येत नाहीत. आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यावर, हेल्थ ॲपचे सिंक चालू असेल, तर ही चिंता नाही. वॉच फेस, ॲपची मांडणी आणि सेटिंग परत येतात. पासकोड, पैसे देण्यासाठी जोडलेली कार्डे आणि घड्याळाला जोडलेले इअरबड मात्र परत येत नाहीत, ते पुन्हा जोडावे लागतात.

या कुळात माझा कौल हलवण्याला आहे. अपवाद एकच. घड्याळ अनेक महिन्यांपासून रखडत चालत असेल किंवा बॅटरी विनाकारण उतरत असेल, तर फोन बदलण्याचे निमित्त साधून ते ‘नवे घड्याळ’ म्हणून जोडावे आणि बॅकअप उतरवू नये. आरोग्याच्या नोंदी आयफोनच्या हेल्थमध्ये असल्याने त्या जात नाहीत. जाते ती मांडणी, आणि ती एका संध्याकाळी पुन्हा लावता येते.

वेअर ओएस: पिक्सेल वॉच, गॅलक्सी वॉच आणि त्यांचे भाऊबंद

वेअर ओएस ही घड्याळांसाठीची गूगलची प्रणाली, आणि येथे तिची कोणती आवृत्ती चालू आहे, यावर सगळे ठरते. वेअर ओएस 4 येण्यापूर्वी, म्हणजे 2023 पर्यंत, या घड्याळांना हलवण्याचा मार्गच नव्हता. फोन बदलला की घड्याळ पुसायचे, मग वॉच फेस, अलार्म, ॲप आणि कोणत्या सूचना घड्याळावर याव्यात याची निवड सारे नव्याने करायचे, हा शिरस्ता होता. वेअर ओएस 4 ने दोन्ही सोयी दिल्या: खात्यावर बॅकअप घेणे, आणि घड्याळ न पुसता नव्या फोनकडे नेणे. त्यामुळे निर्णय घेण्याआधी घड्याळाच्या सेटिंगमध्ये आवृत्ती पाहावी. अद्ययावत करणे बाकी असेल, तर ते जुना फोन हातात असतानाच आणि घड्याळ चार्जरवर ठेवून उरकावे.

हलवताना नव्या फोनवर आधी तेच गूगल खाते, आणि गॅलक्सी वॉच असल्यास तेच सॅमसंग खाते उघडलेले असावे. घड्याळाच्या सेटिंगमधून नव्या फोनकडे जाण्याचा पर्याय निवडला, की ते जुन्या फोनशी फारकत घेऊन जोडणीच्या अवस्थेत येते. मग घड्याळाच्या पडद्यावर आणि फोनवर एकच संख्या दिसते. ती जुळते का, हे पाहून दोन्हीकडे मान्यता द्यायची. हा क्षण छोटा आहे, पण फोनवरची विचारणा कधीकधी सूचनांच्या पट्टीत दडून बसते. आपण घड्याळाकडे टक लावून बसतो आणि तिकडे मुदत संपते. पहिला प्रयत्न फसला की घड्याळ बिघडले असे समजून रीसेटकडे धाव घेऊ नये. आधी फोनची सूचनापट्टी खाली ओढून पाहावी.

या कुळात हलवणे आणि पुसून जोडणे यांतील अंतर ॲपलइतके मोठे नाही. हलवले तरी काही ॲपमध्ये पुन्हा प्रवेश करावा लागतो. व्हॉट्सॲपचे घड्याळावरचे ॲप हे ‘जोडलेले उपकरण’ असते. व्हॉट्सॲप नव्या फोनवर गेले, की जोडलेली उपकरणे बाहेर पडतात, त्यामुळे घड्याळावर दिसणारा आठ अक्षरांचा कोड फोनमध्ये टाकून जोडणी नव्याने करावी लागते. म्हणून जुन्या फोनमध्ये अडचण असेल, तर येथे रीसेटची फार धास्ती घेऊ नये. एवढेच पाहावे, की रीसेटपूर्वी घड्याळाने अखेरचे सिंक केलेले आहे, आणि सॅमसंग हेल्थ वापरत असाल, तर त्यातील सॅमसंग खात्याशी होणारे सिंक चालू आहे. ते बंद असेल, तर वर्षानुवर्षांच्या नोंदी त्या एका फोनच्याच भरवशावर असतात.

गॅलक्सी वॉच वापरणाऱ्याने आणखी एक गोष्ट तपासावी, आणि तीही नवा फोन घेण्याआधी. गॅलक्सी वॉच 4 पासूनची घड्याळे इतर कंपन्यांच्या अँड्रॉइड फोनशी जोडता येतात, पण ईसीजी आणि रक्तदाबाची सोय ज्या सॅमसंग हेल्थ मॉनिटरमधून मिळते, ते ॲप सॅमसंगच्याच फोनची अपेक्षा ठेवते. हलवण्याचे काम निर्विघ्न पार पडते, घड्याळ चालू राहते, आणि ज्या सोयीसाठी ते घेतले होते तीच दिसेनाशी होते.

गार्मिन, फिटबिट आणि साधे बँड

गार्मिनविषयी थोडक्यात सांगता येते, कारण तेथे अडचणच थोडी आहे. सेटिंग घड्याळात राहतात, व्यायामाच्या नोंदी गार्मिन कनेक्टच्या खात्यात जातात, आणि फोन हा दोहोंमधला निरोप्या असतो. जुन्या फोनवर शेवटचे सिंक करावे, त्याच्या ब्लूटूथ यादीतून घड्याळ काढावे, नव्या फोनवर त्याच खात्याने प्रवेश करून जोडावे. काही पुसण्याची गरज नाही. फोन अँड्रॉइड असो वा आयफोन, घड्याळ दोन्हींशी जमवून घेते. फरक पडतो तो संदेशांत: अँड्रॉइडवर घड्याळातून ठरावीक उत्तर पाठवता येते, आयफोनशी जोडल्यावर ती सोय साधारणतः मिळत नाही. फिटबिटचेही जवळपास असेच आहे. त्याची बहुतेक उपकरणे मिनिटामिनिटाच्या नोंदी 7 दिवस आणि दिवसाच्या बेरजा 30 दिवस स्वतःजवळ ठेवतात, त्यामुळे फोन बदलण्यात दोन-चार दिवस गेले तरी काही बिघडत नाही.

स्वस्त बँड आणि घड्याळांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. त्यांतील अनेकांमध्ये ॲपमधून जोडणी तोडली, की घड्याळ आपोआप कोरे होते. म्हणजे हलवणे आणि पुसणे यांत निवड करायला वावच नसतो. नोंदी वाचतात त्या केवळ ॲपच्या खात्यावर चढलेल्या असल्या तर. मी स्वतः असाच एक बँड ‘खाते नको, पाहुणा म्हणून पुढे चला’ असे दाबून वापरायला घेतला होता. दीड वर्षाने फोन बदलला, ॲप नव्या फोनवर घेतले, बँड जोडला, आणि पडद्यावर पावलांचा आकडा शून्य, झोपेचा आलेख रिकामा. चूक माझीच होती; पण पाहुण्याचे सामान त्याच्याबरोबरच जाते, हे त्या ॲपने दोन शब्दांत सांगितले असते, तर बरे झाले असते. तुम्हीही पाहुणे असाल, तर जुना फोन हातात असतानाच खाते उघडावे, नोंदी त्यावर चढल्याची खात्री करावी आणि मगच जोडणी तोडावी.

आयफोन सोडून अँड्रॉइडकडे, किंवा उलट

येथे प्रश्नच बदलतो. ॲपल वॉच अँड्रॉइड फोनशी जोडता येत नाही, आणि वेअर ओएस 3 पासूनची बहुतेक घड्याळे आयफोनशी जोडता येत नाहीत. कोणताही बॅकअप किंवा रीसेट हे अंतर ओलांडत नाही. त्यामुळे तुलना दोन मार्गांची न राहता घड्याळ ठेवावे की सोडावे, अशी होते. सोडायचे असेल, तर जुन्या फोनवरून रीतसर अनपेअर करूनच सोडावे. नोंदींपैकी, आयफोनच्या हेल्थमधून सर्व नोंदी एका दाबलेल्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात, पण अँड्रॉइडवर ती फाइल सरळ आत घेणारी तयार सोय नाही. ती जपून ठेवण्याचे कागदपत्र म्हणून उपयोगी, पुढे चालू राहणारी वही म्हणून नाही. ज्यांना पुन्हा पुन्हा या बाजूचे त्या बाजूला जाण्याची सवय आहे, त्यांनी पुढचे घड्याळ दोन्हींशी जमणारे घ्यावे. त्यात सूचनांना उत्तर देण्यासारख्या काही सोयी कमी मिळतील, हे मान्य करूनही मला तो सौदा बरा वाटतो.

जुना फोनच हाती नसेल तर

फोन हरवला, फुटला किंवा आधीच दिला गेला असेल, तर निवड उरत नाही. ॲपल वॉच असो वा जुने वेअर ओएस, घड्याळावरूनच रीसेट करावे लागते. ॲपलच्या बाबतीत नवा आयफोन जुन्याच्या बॅकअपवरून उभा केला असेल, तर घड्याळ जोडताना त्यातला घड्याळाचा बॅकअप निवडता येतो, म्हणून नव्या फोनचे काम आधी पूर्ण करावे आणि घड्याळाला नंतर हात लावावा. घड्याळात ई-सिम असेल, तर पुसताना सेवा ठेवायची की काढायची असे विचारले जाऊ शकते. तेच घड्याळ पुन्हा जोडणार असाल तर ‘ठेवा’ निवडावे, अन्यथा सेवा देणाऱ्या कंपनीकडून ती पुन्हा सुरू करून घेण्याचा खटाटोप वाढतो.

जोडणी झाल्यावर पहिल्या दिवशी दोन गोष्टी पाहाव्यात. अँड्रॉइडवर नवा फोन बॅटरी वाचवण्यासाठी घड्याळाचे ॲप पार्श्वभूमीत झोपवतो आणि सूचना तासातासाने, एकगठ्ठा येऊ लागतात. त्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळावे. आणि गार्मिन किंवा फिटबिट जोडल्यानंतर सिंक मधूनच तुटत असेल, तर नव्या फोनला दोष देण्याआधी जुना शोधावा. तो बहुधा चार्जिंगला लावून ठेवलेला असतो, त्याचे ब्लूटूथ चालू असते, आणि घड्याळ अजून आपलेच आहे अशा समजुतीने तो दर काही मिनिटांनी त्याला हाक मारत असतो.