फिनाइलअ‍ॅलानिन नसलेली पावडर: तीन वर्षांचा अनुभव

माझी लेक साडेचार वर्षांची आहे. तिला पीकेयू, म्हणजे फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार आहे. जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेतला, त्या तपासणीत कळलं. आधी तान्ह्या बाळाचा डबा होता, दीड वर्षाची झाल्यापासून ही मोठ्या मुलांची पावडर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण कोणता डबा आणि किती ग्रॅम हे रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरच ठरवतात. पण डबा घरात आल्यावर काय काय होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहितेय.

पावडरीत फिनाइलअ‍ॅलानिन सोडून बाकीची अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक, असतात, शिवाय जीवनसत्त्वं आणि क्षार. फिनाइलअ‍ॅलानिन काही विष नाही. आपल्या यकृतातलं एक विकर (एन्झाइम) त्याचं टायरोसिन करतं आणि त्या टायरोसिनपासून डोपामिन, अ‍ॅड्रिनलिन, थायरॉइडचं संप्रेरक, केसांचा-कातडीचा रंग असं बरंच काही बनतं. लेकीचं ते विकर नीट काम करत नाही. म्हणून फिनाइलअ‍ॅलानिन रक्तात साचून मेंदूला इजा करतं आणि टायरोसिनची चणचण भासते. फिनाइलअ‍ॅलानिन खाण्यातून पूर्ण वगळताही येत नाही; शरीर ते स्वतः बनवत नाही आणि वाढीला तर लागतंच. तिला दिवसाला 280 मिलिग्रॅमची मुभा आहे. एक ग्रॅम प्रथिनात ते साधारण 50 मिलिग्रॅम असतं. वाटीभर घट्ट वरण दिलं की दिवसाचा हिशेब संपला.

आता चव. पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा गंधकासारखा वास आला. मेथिओनिन आणि सिस्टीन या अमिनो आम्लांत गंधक असतंच. चव कडवट, मागून आंबूस. गार पाण्यात कालवून झाकणाच्या पेल्यातून दिलं तर वास कमी येतो. लेकीला सवय झालीय, ती नाक मुरडत नाही.

खरी गोम पेल्याच्या तळाशी आहे. कितीही हलवा, पाच मिनिटांत खाली पांढरा रवाळ थर बसतो. पहिले तीन महिने मी तो धुऊन टाकत होते. मग आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की त्यात बरंचसं टायरोसिन असतं, ते पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणजे जे तिला बाहेरून द्यायलाच हवं, तेच मी मोरीत ओतत होते. आता पेल्यात दोन घोट पाणी घालून विसळते आणि तेही तिला पाजते. डब्यावर हे ठळक छापायला हवं होतं.

डब्यातल्या चमच्यावरही विसंबू नका. दाबून भरला तर वजन वेगळं, सैल भरला तर वेगळं. मी सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेतलाय. दिवसाचं माप तीन वेळांत वाटून देतो. सुटी अमिनो आम्लं पोटातून झपाट्याने रक्तात जातात, एकदम दिली तर वाढीला लागण्याआधीच बरीच जळून जातात.

सोबत सासूबाईंची साबुदाण्याची खिचडी असते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत, अडचण होती ती दाण्याच्या कुटाची. जन्मभर कूट घालून खिचडी केलेल्या बाईंनी जिरं, बटाटा आणि लिंबावर ती अशी जमवलीय की आता घरात सगळे तीच खातात.

तक्रार एकच, पण मोठी. मागच्या पावसाळ्यात विक्रेत्याने डबा 11 दिवस उशिरा पाठवला. मला वाटलं, वरणभात तर देतच नाही, मग रक्तातलं प्रमाण कशाला वाढेल? वाढलं. बाहेरून प्रथिनं पुरली नाहीत की शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि त्यातलं फिनाइलअ‍ॅलानिन रक्तात उतरतं. तापातही हेच होतं. आमच्या डॉक्टरांनी 2 ते 6 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर अशी मर्यादा दिलीय, रिपोर्ट आला 9.4.

पावडरीला माझ्याकडून पाचपैकी चार, पोचवण्याच्या सेवेला एक. डबा अर्धा झाला की मी पुढची ऑर्डर देते आणि एक न फोडलेला डबा कपाटात वरच्या फळीवर कायम असतो.