जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यावं की नवं? आधी ड्रायव्हर बघा, मग वॉट

नाशिकमध्ये घरच्या घरी लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी बरीच मुलं आहेत, आणि २०२७ च्या सिंहस्थाचं काम डोळ्यांसमोर ठेवून अनेक जण आता मशीन वाढवताहेत. त्यांच्यापुढे बहुतेक चारच पर्याय येतात: सेकंडहँड जीटीएक्स १०६० किंवा आरएक्स ५८०, नाहीतर नवं आरटीएक्स ३०५० (६ जीबी) किंवा आरएक्स ६६००. जीटीएक्स-आरटीएक्स एनव्हिडियाची, आरएक्स एएमडीची.

सेकंडहँडची किंमत मोह पाडते. पण १०६० साठी एनव्हिडियाने नव्या गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. एडिटिंगवाल्यांसाठी याहून महत्त्वाचं म्हणजे कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर जड कामं चालवणारं सॉफ्टवेअर) १३ पासून या पिढीचा सपोर्टच काढला आहे. आज चालणारं सॉफ्टवेअर उद्याच्या व्हर्जनला हे कार्ड नाकारू शकतं. कामाच्या मशीनसाठी मी ते घेणार नाही.

आरएक्स ५८० ला एएमडीने २०२३ मध्येच मुख्य ड्रायव्हरपासून वेगळं काढलं. लिनक्सवर मात्र चित्र वेगळं आहे: तिथे एएमडीचा ड्रायव्हर खुला आहे, कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच) येतो, त्यामुळे ५८० अजूनही छान चालतं. लिनक्स वापरत असाल तर खुशाल विचार करा. फक्त ते १८५ वॉट खातं.

हा आकडा हलक्यात घेऊ नका. ३०५० ची मर्यादा ७० वॉट आहे, म्हणजे फरक ११५ वॉटचा. रोज सहा तास पूर्ण भार, महिन्याचे पंचवीस दिवस, असं धरलं तर महिन्याला साधारण १७ युनिट जास्त, वर्षाला दोनशेच्या वर. महावितरणच्या घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटला दर चढतो. तुमचं बिल त्या उंबरठ्यावर असेल तर हे १७ युनिट महागात पडतात. शिवाय ती सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊन बाहेर पडते. एप्रिल-मेमध्ये सिडकोत वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली काम करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. यूपीएसचंही बघा: ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॉटच निघतात.

३०५० (६ जीबी) ला वेगळी पॉवर केबल लागत नाही, स्लॉटमधून मिळणारे ७५ वॉट पुरतात. कंपन्यांतून निघालेली जुनी ब्रँडेड मशीन ज्यांनी घेतली आहेत, त्यांच्या छोट्या एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणारा डबा) हेच कार्ड चालेल. कॅबिनेट अरुंद असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) मॉडेल मागा. मात्र नावात साम्य असलेलं ८ जीबीचं ३०५० वेगळं आहे, ते १३० वॉटचं आहे. खोक्यावर नीट वाचा.

आरएक्स ६६०० गेममध्ये चांगलंच पुढे आहे. १३२ वॉट, आठ पिनची केबल आणि किमान ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस हवा. प्रामुख्याने गेम खेळणार असाल तर हेच घ्या. कुडावर चालणारं काम असेल, तर वेग कमी असूनही ३०५०.

इंटेलचं आर्क बी५८० १२ जीबी मेमरीमुळे खुणावतं. पण मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू होत नसेल तर त्याचा वेग फार पडतो. तेव्हा पैसे देण्याआधी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) तो पर्याय आहे का, ते पाहून घ्या.