शेततळ्यातली प्रोबायोटिक पावडर: ऑगस्ट ते मार्च वापरून

तळं नागपूर-काटोल पट्ट्यातलं. 30×30×3 मीटर, प्लास्टिक अंथरलेलं, भरलं की साधारण 22 लाख लिटर. रोहू, कटला आणि थोडा पंगस. पावडरीत बॅसिलस जिवाणूच्या जाती, पाकिटावर प्रति ग्रॅम 200 कोटी जिवाणूंचा दावा आणि खाली ठळक अक्षरांत ‘अमोनियावर रामबाण’.

अमोनियासाठी घेत असाल तर घेऊ नका. गाळासाठी घ्या.

किलोभर पावडर एवढ्या पाण्यात टाकली की मिलिलिटरमागे जेमतेम 900 जिवाणू येतात. तळ्यात आधीपासूनच मिलिलिटरला दहा लाखांच्या घरात असतात. कोरडी पावडर काठावरून भिरकावली तर पैसे पाण्यात, अक्षरशः. ती आधी वाढवावी लागते.

200 लिटरचा ड्रम, बोरचं पाणी, 2 किलो गूळ, 1 किलो बारीक कोंडा, 250 ग्रॅम पावडर. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडायला आदल्या दिवसापासून नुसती हवा सोडायची. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) 24 तास अखंड चालला पाहिजे. लोडशेडिंगमध्ये हवा थांबली की ड्रमला कुजकट वास येतो. तो माल झाडांना घाला, तळ्यात नको. गोडसर आंबूस वास आला तर जमलं. थंडीत 24 तासांत काही होत नाही, ड्रम उन्हात ठेवून 48 तास लागतात.

दहा दिवसांतून एकदा, ऊन पडल्यावर, एअरेटर चालू ठेवून सोडायचं. संध्याकाळी किंवा झडीच्या दिवसांत अजिबात नाही. बॅसिलस गाळ कुजवताना ऑक्सिजन ओढतो आणि पहाटे पाण्यातला ऑक्सिजन आधीच अगदी कमी झालेला असतो; मासे वर तोंड काढतात ते त्यामुळे. लाल औषध (पोटॅशियम परमँगनेट) किंवा ब्लीचिंग टाकलं असेल तर आठवडाभर थांबा, नाहीतर जिवाणू टाकून मारायचे एवढाच उद्योग.

काही पाकिटांत नायट्रोसोमोनसही (अमोनियाचं नायट्राइट करणारा जिवाणू) असल्याचं लिहितात आणि त्याचे जास्त पैसे घेतात. हा जिवाणू बॅसिलससारखे टिकाऊ बीजाणू करत नाही. 45 अंशांच्या टिनाच्या शेडमध्ये तो कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने तगेल, यावर विश्वास ठेवणं कठीण आहे. प्लास्टिकवर, पाइपांवर तो आपोआप बसतो, फक्त सावकाश. दर मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे 7 मिलिग्रॅम क्षारता खातो, म्हणून क्षारता लिटरला 80 मिलिग्रॅमच्या खाली गेली की खायचा सोडा घाला. अमोनिया चढलेला असताना चुना टाकू नका, त्याने पीएच वाढतो. 30 अंशांच्या पाण्यात पीएच 8 ला अमोनियाचा विषारी भाग सुमारे 7 टक्के असतो, 9 ला 45 टक्क्यांच्या आसपास. किटमध्ये दिसतो तो एकूण अमोनिया, त्यामुळे पीएच दुपारी तीनला मोजल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

अमोनिया येतो खाद्यातून. रोज 10 किलो, 28 टक्के प्रथिनांचं खाद्य म्हणजे 450 ग्रॅम नायट्रोजन. त्यातला पंचवीस-तीस टक्के माशात मुरतो, बाकी पाण्यात. लिटरला 1 मिलिग्रॅम चढला तर या तळ्यात 2.2 किलो नायट्रोजन झाला. तो गुळावर जिवाणूंकडून उचलून घ्यायचा तर वीसपट कर्बोदकं लागतात, म्हणजे जवळपास 50 किलो गूळ, तोही चार-पाच दिवसांत वाटून आणि हवा दुप्पट करून. ड्रममधल्या दोन किलोंनी हे होत नाही. आधी खाद्य बंद करा, जमेल तेवढं पाणी बदला. अमेरिकेत मत्स्यतळ्यांच्या पाण्याचे अभ्यासक क्लॉड बॉइड यांनी मार्जारमाशांच्या तळ्यांत अशी जिवाणू-द्रावणं तपासली होती, पाण्याच्या गुणवत्तेत तिथेही फारसा फरक पडला नव्हता.

फरक दिसला तो तळाशी. ऑक्टोबरपर्यंत काठीने ढवळल्यावर येणारा सडक्या अंड्याचा वास गेला, काळा थर पातळ झाला. एअरेटरचा प्रवाह पोचत नाही त्या कोपऱ्यात मात्र थर जसाच्या तसा. डिसेंबर-जानेवारीत पाणी 20 अंशांच्या खाली आलं की डोस वाया जातो, तेव्हा बंदच ठेवलेला बरा.

पाचपैकी तीन. एअरेटर नसेल तर शून्य. भंडारा-गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांसाठी विचाराल तर तिथे मातीचा तळ आहे, मासे विरळ आहेत आणि खाद्य नावापुरतं. पावडरीला करायला काम काय?