तो काळाकुट्ट फिल्टर आमच्या गाडीचा नव्हताच

आमची गाडी २०१२ची, बेस मॉडेल. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे सिंहगड रस्त्यावरून डॉक्टरांकडे जाताना काचा बंद आणि एसी चालू, हे ठरलेलं. गेल्या पावसाळ्यात एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास यायला लागला आणि आईंना गाडीत बसल्या बसल्या खोकला. म्हणून कार वॉशच्या एका दुकानात गेलो.

तिथल्या मुलाने गाडी आत घेतली, आम्हाला बाहेर बाकावर बसवलं आणि दहा मिनिटांनी एसीची हवा गाळणारा एक फिल्टर घेऊन आला. कोळशासारखा काळा, कडेला केसांचे पुंजके. "मॅडम, हा तुमच्या गाडीतून निघाला. आजी हीच हवा घेतायत." आईंचा चेहरा इतका उतरला की मी पुढे काही विचारलंच नाही. ह्यांना दाखवायला एक फोटो तेवढा काढला. नवा 'हेपा' (अगदी बारीक कणही अडवणारा) फिल्टर, एसीला धुरी आणि लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचं निळ्या दिव्याचं हवा शुद्ध करणारं यंत्र, मिळून ६,८०० रुपये.

आठवड्यात वास परत आला. शिवाय त्या यंत्राजवळ झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखट वास यायचा आणि आईंना पंप जास्त वेळा घ्यावा लागायचा. आयन सोडणाऱ्या अशा यंत्रांतून ओझोन तयार होऊ शकतो आणि तो श्वासनलिकेला झोंबतो, दमेकऱ्यांना तर फारच, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ते त्याच दिवशी काढलं. पैसे गेले त्याहून मला याचा राग जास्त आहे.

मग गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ग्लोव्ह बॉक्स उतरवला आणि हाक मारली, "ताई, इकडे या, स्वतः बघा." फिल्टरची जागा होती, पण तिच्यावरचं प्लास्टिक कंपनीतून आलं तसंच, सलग. जुन्या स्वस्त मॉडेलांत अनेकदा जागा असते, फिल्टर नसतो. बसवायचा तर आधी ते प्लास्टिक कापावं लागतं. आमचं कधी कापलंच गेलं नव्हतं. म्हणजे जुना फिल्टर निघाला नव्हता आणि नवा बसलाही नव्हता. मी फोटो दाखवला. मिस्त्री म्हणाले, "हा लांबट आहे, तुमची जागा चौकोनी. दुसऱ्याच गाडीचा."

वासाचं कारणही तिथेच सापडलं. कूलिंग कॉइलवर जमणारं पाणी ज्या नळीतून खाली गळतं ती चिखलाने चोंदली होती, त्यामुळे कॉइल कायम ओली आणि तिच्यावर बुरशी. वायपरखालच्या जाळीत कुजलेली पानं होती, आम्ही गाडी झाडाखाली लावतो. नळी मोकळी केली, कॉइल फोमने धुतली आणि नाना पेठेतून कार्बनचा फिल्टर आणून बसवला. फिल्टरला साडेतीनशे रुपये लागले. आता घर जवळ आलं की मी एसी बंद करून दोन-तीन मिनिटं नुसता पंखा ठेवते, कॉइल सुकते.

दुकानात परत जाऊन नवा फिल्टर कुठे गेला विचारलं तर "कुठेतरी पडला असेल" हे उत्तर. पावतीवर फक्त 'इंटिरियर क्लीनिंग' लिहिलेलं, फिल्टरचा उल्लेखच नाही. तिथे मी कमी पडले. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे, दुकानाकडून अजून काही आलेलं नाही.

कृपा करून त्या बाकावर बसू नका. ग्लोव्ह बॉक्स तुमच्यासमोर उघडायला लावा, फिल्टर तुमच्या डोळ्यांदेखत निघू दे, नव्यावरचा हवेच्या दिशेचा बाण बघा आणि पावतीवर पार्टचं नाव लिहून घ्या. खऱ्या हेपाने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवायला हवेत. कोणी तो शब्द वापरला तर खोक्यावर ते कुठे लिहिलंय ते विचारा.

नऊ महिन्यांनी, या एप्रिलमध्ये, मी स्वतः आमचा फिल्टर काढला. मातकट करडा झाला होता, घड्यांमध्ये पानांचा चुरा आणि एका माशीचा पंख. त्या फोटोशेजारी धरून आईंना दाखवला.